कुणाची माहिती, कुणाची दुरुस्ती : विद्यापीठातील प्रशासकीय प्रणालींची देखभाल

विद्यार्थ्याची नोंदणी, पात्रता, परीक्षा अर्ज, आसन क्रमांक, गुण, निकाल आणि पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालयांची संलग्नता, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि विद्यापीठाचा जमाखर्च. ही सगळी कामे ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्यांना विद्यापीठात प्रशासकीय प्रणाली म्हणतात. प्रयोगशाळेतले संगणक किंवा वसतिगृहातले वायफाय यांची देखभाल हे निराळे काम आहे. प्रयोगशाळेतला संगणक बंद पडला तर तास दुसऱ्या दिवशी घेता येतो. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी प्रणाली बंद पडली तर परिपत्रक काढून मुदत वाढवावी लागते, पुढचे सगळे वेळापत्रक मागे सरते आणि एखाद्याचा दुसरीकडचा प्रवेशही हुकतो. त्यामुळे इथली देखभाल यंत्राइतकीच नियमांची, तारखांची आणि अधिकारांची असते.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत या कामाला कायद्याची चौकट आहे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये इतर मंडळांबरोबर माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. धोरण मंडळ ठरवते आणि रोजचे काम संगणक विभाग करतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच संगणक विभाग नसतो. परीक्षा विभागाचा जुना ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) सेल असतो, नेटवर्क आणि सर्व्हर पाहणारा मध्यवर्ती विभाग असतो, वित्त विभागात लेखा सॉफ्टवेअर जाणणारे एक-दोघे असतात. निकाल लावण्याचे काम संगणकावर सर्वांत आधी आल्याने ईडीपी सेल अनेकदा संगणक विभागाहून वयाने मोठा असतो आणि त्याचा मानही तसाच राहतो. म्हणून साहाय्याची घडी बसवताना पहिला प्रश्न या तीन ठिकाणांच्या सीमा आखण्याचा येतो.

ही आखणी करताना एक तत्त्व उपयोगी पडते. प्रणालीतल्या प्रत्येक माहितीला एकच मालक विभाग असावा. विद्यार्थ्याचे नाव आणि पात्रता ही पात्रता विभागाची, गुण परीक्षा विभागाचे, शुल्काची पावती वित्त विभागाची, महाविद्यालयाची मान्यता आणि प्रवेशक्षमता संलग्नता विभागाची. संगणक विभाग या कुठल्याच माहितीचा मालक नाही, तो राखणदार आहे. हे कागदावर सोपे दिसते, पण कामाच्या रेट्यात पहिल्यांदा हेच सुटते. डेटाबेसमध्ये हात घालण्याची सोय फक्त संगणक विभागाकडे असल्याने प्रत्येक चूक त्याच्याकडे येते, आणि फोनवरून झालेल्या विनंतीवर एखादा गुण किंवा एखादे नाव बदलले जाते. वर्षभराने माहितीच्या अधिकारात कोणी विचारले की हा बदल कुणाच्या आदेशाने झाला, तर दाखवायला कागद नसतो. म्हणून मालक विभागाचा सही झालेला आदेश असल्याशिवाय माहितीत दुरुस्ती होत नाही, हा नियम सर्वांत आधी घालावा लागतो आणि कुलसचिवांच्या परिपत्रकाने घालावा लागतो. संगणक विभागाच्या स्वतःच्या सूचनेला इतर विभागांत तेवढे वजन नसते.

मालकीचा प्रश्न नियमांबाबतही येतो. ‘निकाल चुकीचा लागला’ अशी तक्रार आली की सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे असे सगळे धरून चालतात. तपासल्यावर बऱ्याचदा असे निघते की सॉफ्टवेअरने सांगितलेलेच केले आहे, सांगितलेले मात्र अपुरे होते. एखादा विद्यार्थी दोन विषयांत थोडक्या गुणांनी अडला आहे, त्याला एनएसएसचे वाढीव गुणही मिळायचे आहेत आणि नियमातल्या कृपांकांनाही तो पात्र ठरू शकतो. आधी काय मिळवायचे, कुठल्या विषयात किती, श्रेणी ठरवताना ते धरायचे की नाही, यावर निकाल ठरतो. अध्यादेशाच्या मजकुरात हा क्रम कधी स्पष्ट असतो, कधी नसतो. तो ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरला नाही. पण निकालाच्या आदल्या रात्री विचारायला कोणी सापडत नाही म्हणून तो प्रोग्रामरच ठरवतो, आणि मग तोच विद्यापीठाचा नियम होऊन बसतो. चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक अभ्यासक्रमाचे निकालाचे नियम सत्र सुरू होण्याआधी लिहून घेतले जातात, काही नमुना विद्यार्थ्यांचे निकाल हाताने काढून प्रणालीच्या निकालाशी ताडले जातात आणि त्या ताळ्यावर परीक्षा विभाग सही करतो.

आता साहाय्याच्या पायऱ्या. पहिली पायरी विद्यापीठाबाहेर, संलग्न महाविद्यालयाच्या कार्यालयात असते. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे, गोंडवाना विद्यापीठाचे गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत. अशा विद्यापीठात प्रणालीचा सर्वाधिक वापर करणारा माणूस म्हणजे महाविद्यालयातला लिपिक. विद्यार्थ्यांचे अर्ज तो भरून घेतो, छायाचित्रे चढवतो, अंतर्गत गुण टाकतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून लांब असलेल्या महाविद्यालयात इंटरनेट दुपारी जाते आणि संध्याकाळी येते. त्यामुळे पानावरचा मजकूर हलका ठेवणे, अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवणे आणि मुदत रात्री बाराला संपणार असेल तर मदतीचा फोनही रात्री बारापर्यंत चालू ठेवणे, या गोष्टी सर्व्हरच्या ताकदीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

दुसरी पायरी म्हणजे मदत कक्ष. इथे अडचण नोंदवून तिला क्रमांक दिला जातो. पासवर्ड विसरला, शुल्क कापले गेले पण पावती आली नाही, विषयांचा गट चुकला, हॉल तिकिटावर छायाचित्र दुसऱ्याचे आले, अशा नेहमीच्या अडचणी इथेच सुटायला हव्यात. त्यासाठी प्रत्येक नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहून ठेवावे लागते आणि ते उत्तर कुणाच्या अधिकारात येते हेही त्यातच सांगावे लागते. तिसऱ्या पायरीवर प्रणालीचे विश्लेषक आणि डेटाबेस सांभाळणारे येतात. विषयांचा गट एका विद्यार्थ्याचा चुकला तर तो अर्जातला दोष, एका महाविद्यालयातल्या सगळ्यांचा चुकला तर मांडणीतला दोष, हे ओळखणे त्यांचे काम. चौथ्या पायरीवर सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी किंवा संस्था असते. तिच्याशी बोलणारी व्यक्ती विद्यापीठाच्या बाजूने एकच असावी. परीक्षा विभागातल्या पाच जणांनी कंपनीच्या पाच जणांना पाच निरनिराळ्या सूचना दिल्या की कुठली आवृत्ती खरी, हे कुणालाच सांगता येत नाही.

अडचणी नोंदवण्याची शिस्त लावणे सर्वांत कठीण जाते. विद्यापीठात पत्रव्यवहार नस्तीवर चालतो. आवक क्रमांक, टिपणी, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव असा तिचा प्रवास असतो. मदत कक्षाची नोंद मात्र ऑनलाइन असते आणि तिचा वेग तासांत मोजला जातो. दोन्हींच्या मध्ये व्हॉट्सॲपचा गट असतो, तिथे प्राचार्य थेट विभागप्रमुखांना छायाचित्र पाठवतात. यांपैकी एकही मार्ग बंद करता येत नाही, तसा प्रयत्न केला तर लोक दुसरा शोधतात. उपाय एवढाच की अडचण कुठूनही येवो, मदत कक्षाने ती स्वतः नोंदवून क्रमांक परत कळवायचा. ज्या दुरुस्तीला आदेश लागतो तिच्या नोंदीत नस्तीचा जावक क्रमांक आणि तारीख लिहायची. ज्या अडचणीला आदेश लागत नाही तिच्यासाठी नस्ती उघडायचीच नाही. ही विभागणी एकदा लोकांच्या अंगवळणी पडली की कामाचा निम्मा गोंधळ कमी होतो.

माहिती तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनात घटना, समस्या आणि बदल असे तीन प्रकार वेगळे धरतात. ही मांडणी १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने तयार केलेल्या आयटीआयएल या चौकटीतून जगभर पसरली. विद्यापीठात तिचा अर्थ चटकन कळतो. एका विद्यार्थिनीचे हॉल तिकीट निघत नाही ही घटना, ते आजच काढून द्यायचे. एटीकेटीच्या सगळ्याच विद्यार्थ्यांची हॉल तिकिटे अडतात ही समस्या, तिचे कारण शोधायचे. त्यासाठी प्रोग्राममध्ये फेरफार करायचा तो बदल, त्याला मंजुरी, चाचणी आणि मागे फिरण्याची वाट हवी. घटनांच्या गर्दीत समस्या मागे पडतात, हा सार्वत्रिक अनुभव. दर सत्रात तीच शेकडो हॉल तिकिटे हाताने काढून देणारा कर्मचारी सगळ्यांना तत्पर वाटतो, पण मूळ कारण तसेच राहते. म्हणून सत्र संपल्यावर नोंदींची वर्गवारी करून सर्वाधिक वेळा आलेल्या अडचणी परीक्षा विभागासमोर मांडणे हा देखभालीचाच भाग समजला पाहिजे.

या सगळ्या कामाची लय वार्षिक दिनदर्शिका ठरवते. प्रवेशानंतर नोंदणी आणि पात्रता, मग परीक्षा अर्ज, आसन क्रमांक, हॉल तिकीट, गुण, निकाल, पुनर्मूल्यांकन आणि शेवटी दीक्षान्त समारंभासाठी पदवीचे अर्ज. सत्र पद्धतीत यातला बराचसा फेरा वर्षातून दोनदा होतो. परीक्षा संपल्यावर शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावावा, असे २०१६चा अधिनियम सांगतो. त्यातले बरेच दिवस उत्तरपत्रिका तपासण्यात जातात. प्रणालीच्या वाट्याला शेवटचे थोडे दिवस उरतात आणि मागच्या प्रत्येक टप्प्यातला उशीर त्या दिवसांतून वजा होतो. याच्या जोडीला महिनाअखेरीची वेतनदेयके आणि मार्चअखेरीचा हिशेब असतो. त्यामुळे संगणक विभागाला स्वतःची दिनदर्शिका लागते. कुठल्या आठवड्यात सर्व्हरला हात लावायचा नाही, कुठल्या दिवशी मदत कक्षात जादा माणसे हवीत, नवा फेरफार कधी चढवायचा, हे त्यात लिहिलेले असते. निकालाच्या काळात प्रणालीत बदल गोठवण्याची पद्धत याच दिनदर्शिकेतून येते.

प्रश्नपत्रिका संकेतबद्ध रूपात परीक्षेच्या थोडा वेळ आधी केंद्रावर ऑनलाइन पाठवली जाते, तेव्हा या दिनदर्शिकेला मिनिटांचे परिमाण येते. केंद्रावर संगणक, छपाईयंत्र, वीज आणि इंटरनेट यांपैकी एक गोष्ट कमी पडली तरी वर्गात विद्यार्थी बसून राहतात. इथे मदत कक्ष तक्रारीची वाट पाहत नाही. कुठल्या केंद्राने प्रश्नपत्रिका अजून उघडलेली नाही ते पडद्यावर पाहून स्वतः फोन करतो. देखभालीत तक्रारीआधी हालचाल करण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

बदल कधी करायचा, याचा धडा महाराष्ट्राने २०१७ साली घेतला. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन एकदम सर्व शाखांत संगणकाच्या पडद्यावर करण्याचे ठरवले. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करणे, बारकोडवरून त्या विद्यार्थ्याशी जुळवणे आणि हजारो शिक्षकांना नव्या पद्धतीची सवय लावणे, ही सगळी कामे निकालाच्या मुदतीतच येऊन पडली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेले विद्यार्थी अडकले आणि ऑक्टोबर २०१७मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पडद्यावरचे मूल्यांकन ही कल्पना टाकाऊ नव्हती, तिचा वापर पुढेही चालू राहिला. अशी पद्धत आधी एका शाखेत, मग दोन शाखांत चालवून पाहायला अवधी लागतो. तो मिळाला नाही तर चांगले तंत्रही व्यवस्थेला पेलत नाही.

माहितीची शुद्धता हे देखभालीतले सर्वांत चिवट काम. विद्यार्थ्याला नोंदणीच्या वेळी कायम नोंदणी क्रमांक मिळतो. अनेक विद्यापीठांत तो सोळा अंकी असून त्याची सुरुवात नोंदणीच्या वर्षाने होते. एका विद्यार्थ्याला आयुष्यभर एकच क्रमांक ही अपेक्षा. प्रत्यक्षात शाखा बदललेला, मध्येच शिक्षण सोडून परत आलेला किंवा पदवीनंतर दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी नव्याने नोंदवला जातो आणि एका माणसाचे दोन क्रमांक होतात. मग पहिल्या दोन वर्षांचे गुण एकीकडे, तिसऱ्याचे दुसरीकडे आणि निकाल राखीव. दोन नोंदी एकत्र करणे तांत्रिकदृष्ट्या काही मिनिटांचे काम आहे, पण त्या दोन्ही एकाच व्यक्तीच्या आहेत हे प्रमाणित करण्याची जबाबदारी पात्रता विभागाची.

नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आईचे नाव असे चार भाग येतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि प्रवेश अर्जावर त्यांचा क्रम व स्पेलिंग वेगवेगळे असते. पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरीतही छापायचे असते. त्यात जुन्या प्रणालींतली मराठी माहिती युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेली असते, ती फाँट नसलेल्या संगणकावर अर्थहीन चिन्हे होऊन दिसते आणि रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात. युनिकोडमध्येही सापळे आहेत. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडकर’ यांतला अर्धा ऱ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, ‘ॲ’सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र संगणक त्यांना दोन वेगळी नावे समजतो. नोंद घेतानाच सगळी रूपे एका रूपात आणणारी छोटी आज्ञावली लिहून ठेवली, तर दीक्षान्त समारंभाच्या आठवड्यातली धावपळ पुष्कळ वाचते.

विद्यापीठाची प्रणाली आता एकटी राहिलेली नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, वेतनासाठी एचटीई-सेवार्थ, गुणपत्रिकांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संग्रह आणि डिजिलॉकर, श्रेयांकांसाठी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स अशा बाहेरच्या प्रणालींशी तिला जुळवून घ्यावे लागते. श्रेयांक पेढीचे विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१मध्ये अधिसूचित केले. तेव्हापासून विद्यार्थ्याचा या पेढीतला बारा अंकी क्रमांक मिळवून तपासणे हे मदत कक्षाचे नवे काम झाले. दिल्ली विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ इन्फॉर्मॅटिक्स अँड कम्युनिकेशनने शिक्षण मंत्रालयाच्या उपक्रमातून विकसित केलेली ‘समर्थ’ ही प्रणाली महाराष्ट्रातील विद्यापीठांतही आली. बाहेरच्या प्रणालीत अडचण आली तरी विद्यार्थी विद्यापीठाच्याच दारात येतो. त्यामुळे प्रत्येक बाह्य प्रणालीसाठी विद्यापीठात एक जबाबदार समन्वयक नेमणे आणि त्याचे नाव मदत कक्षाला माहीत असणे गरजेचे ठरते.

प्रणाली बाहेरच्या संस्थेकडून घेतलेली असली की करारातला मजकूर हाच देखभालीचा पाया होतो. माहिती कुणाच्या मालकीची, करार संपल्यावर ती कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळणार, निकालाच्या काळात कंपनीचे किती लोक विद्यापीठात बसणार, नियम बदलल्यास फेरफाराचे पैसे वेगळे की नाही, हे निविदेतच लिहावे लागते. पुरवठादार बदलताना जुन्या वर्षांचे निकाल नव्या प्रणालीत आणणे हे कल्पनेपेक्षा कितीतरी मोठे काम निघते, कारण प्रत्येक तुकडीचे नियम, कमाल गुण आणि श्रेणी निराळ्या असतात. वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला परदेशी जाण्यासाठी गुणपत्रिकेची प्रत लागते तेव्हा या स्थलांतराचा कस लागतो. जुने लेजर आणि गॅझेट स्कॅन करून जपलेले असतील तरच शंकेचे उत्तर मिळते.

अधिकार आणि सुरक्षितता यांची व्यवस्था साधी पण काटेकोर हवी. गुण भरणारा, तपासणारा आणि निकाल जाहीर करणारा अशा तीन व्यक्ती वेगळ्या, प्रत्येकाचे खाते वेगळे आणि प्रत्येक बदलाची आपोआप नोंद, ही किमान अट. कार्यालयात एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत असण्याची सवय याच्या आड येते. तिच्यामागे बहुधा आळस नसून माणसांची कमतरता असते, एकजण रजेवर गेला की काम थांबू नये म्हणून पासवर्ड सांगितला जातो. रजेच्या काळापुरते अधिकार दुसऱ्याला देण्याची सोय प्रणालीत ठेवली की ही सवय सुटते. बदलीचा किंवा निवृत्तीचा आदेश निघाला की त्याची प्रत संगणक विभागालाही जायला हवी, नाहीतर गेलेल्या माणसाचे खाते वर्षानुवर्षे चालू राहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या दोन्ही गोष्टी घटना घडल्यावर उभ्या करता येत नाहीत. बॅकअपचेही तसेच. तो घेतला जातो की नाही एवढे पाहून भागत नाही, त्यावरून माहिती परत उभी राहते का हे सत्रातून एकदा करून पाहावे लागते.

मनुष्यबळ ही या व्यवस्थेची सर्वांत नाजूक बाजू. मंजूर पदे जुन्या काळातली, बरीच रिक्त, आणि काम कंत्राटी तरुणांवर. ते शिकतात आणि चांगली नोकरी मिळाली की जातात. जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असलेले ज्ञान, म्हणजे कुठल्या साली कुठल्या अभ्यासक्रमाचा नियम मध्येच बदलला, कुठल्या महाविद्यालयाचा संकेतांक दोनदा दिला गेला, हे त्याच्या निवृत्तीबरोबर निघून जाते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक अवघड दुरुस्तीनंतर अर्ध्या पानाची टिपणी लिहिणे आणि प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार ठेवणे. मालक विभागातही एक-दोन लिपिकांना प्रणालीचे सखोल प्रशिक्षण दिले तर बरेच प्रश्न संगणक विभागापर्यंत येतच नाहीत. अशा लिपिकाची बदली परीक्षांच्या तोंडावर होऊ नये, एवढी काळजी प्रशासनाने घेतली तरी मोठी मदत होते.

साहाय्य कसे चालले आहे हे मोजताना किती तक्रारी सुटल्या, हा आकडा एकटा पुरत नाही. तीच तक्रार पुढच्या सत्रात पुन्हा आली का, राखीव निकालांची संख्या घटली का, आदेशाशिवाय झालेली दुरुस्ती किती, अर्जापासून प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत किती दिवस लागले, हे पाहावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा असते, त्यामुळे शेवटचा आकडा कायद्याच्याही नजरेत येतो. हे आकडे दर सत्राअखेर मालक विभागांसमोर ठेवले की दुरुस्तीची जबाबदारी जिथे आहे तिथे पोहोचते, आणि संगणक विभागाकडे त्याचे स्वतःचे काम उरते : प्रणाली चालू ठेवणे, माहिती जपणे आणि कुठला बदल कुणाच्या आदेशाने झाला याचा चोख हिशेब ठेवणे.